शिकलगार मॅडमची शनिवारची वही

शिकलगार मॅडम वॉर्डात शिरल्या की आधी जमिनीकडे बघायच्या. मग कॉटच्या चाकांकडे, मग सलाइनच्या स्टँडकडे, मग पेशंटच्या तोंडाकडे आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे. पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, बाई मान खाली घालून चालतात, लाजाळू असाव्यात. आठवड्याभरात कळलं की त्या फरशीवर सांडलेलं पाणी शोधत असतात. सापडलं की सफाईच्या मावशींना हाक मारायच्या नाहीत. खिशातून जुन्या सुती साडीचा तुकडा काढायचा, खाली टाकायचा आणि बोलता बोलता पायानेच पुसून घ्यायचं. "घसरणारा माणूस मावशी येईस्तोवर थांबत न्हाई," म्हणायच्या.

सांगलीत विश्रामबागला आमचं नर्सिंगचं कॉलेज होतं आणि ट्रेनिंगला आम्ही जवळच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात जायचो. मी लोणंदजवळच्या खेड्यातली. वडील फौजेत, घरी ऊस, आई एकटी सगळं बघणारी. रेल्वेने सांगलीला उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि नर्स म्हणजे पांढऱ्या कपड्यात भराभर चालणारी बाई, एवढीच समजूत होती. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी वॉर्डात भराभर चालले. मॅडमनी मला दारात अडवलं.

"कुठं आग लागलीया?"

"नाही मॅडम, नऊ नंबरचं टेंपरेचर घ्यायचंय."

"मला घाई न्हाई. नऊ नंबरच्या आजीला तर अजिबात न्हाई, ती दोन तारखेपास्नं झोपून हाय. मग ही घाई तुझ्या अंगात आली कुठनं?"

 त्यांना उत्तर नको होतं. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या मला नऊ नंबरपर्यंत सावकाश चालवत घेऊन गेल्या, मांडवातून नवरीला नेतात तसं. सगळा वॉर्ड हसत होता. त्यानंतर तीन वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी भराभर चालले नाही. आजही फार अर्जंट काही आलं की पाय आपोआप हळू पडतात आणि हात नीट चालतात.

दिसायला त्या साध्या होत्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. हातात घड्याळाशिवाय काही नसायचं. त्यांचं शिकवणं वर्गात फारसं रंगायचं नाही. फळ्यावर त्या पुस्तकी मराठीत लिहायच्या आणि पुस्तकी इंग्रजीत वाचायच्या, आणि आम्ही मागच्या बाकांवर पेंगायचो. वॉर्डात आल्या की मात्र त्यांची जीभ सुटायची. तिथे त्या सांगलीच्या व्हायच्या. औषधाची बाटली हातात दिली की लेबल मोठ्याने वाचायला लावायच्या. कपाटातून काढताना एकदा, भरताना एकदा, पेशंटजवळ एकदा. एखादी मुलगी पाठ झालंय म्हणून न बघता बोलली, की तिच्या हातातली बाटली फिरवून लेबल तिच्या नाकासमोर धरायच्या. "तुझ्या डोक्यातली बाटली न्हाई विचारली मी. ही विचारली."

त्यांचे वडील सांगलीच्या बाजारात सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. शिकलगारांचा पिढीजात धंदा. इंजेक्शनचा धडा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मॅडम आम्हा आठ जणींना त्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकान म्हणजे भिंतीला टेकलेलं एक चाक, एक स्टूल आणि पाण्याचा डबा. अब्बा ऐंशीच्या पुढचे असतील. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. मुलीने आठ पोरी आणल्या म्हणून त्यांनी शेजारून बाकडं मागवलं आणि आम्हाला बसवून कामाला लागले. एका खाटकाची सुरी होती. धार झाली, त्यांनी ती अंगठ्यावर तपासली, आणि खाटकाने पुढे केलेला हात न बघितल्यासारखं करून सुरी फळीवर ठेवली. मूठ त्याच्याकडे, पातं भिंतीकडे. खाटकाने ती उचलली.

"बघितलं?" मॅडमनी विचारलं.

आम्हाला काहीच दिसलं नव्हतं. अब्बा हसले. दोन्ही हातांची बोटं त्यांनी आमच्यापुढे पसरली.

"साठ वर्सं झाली पोरींनो. धाच्या धा हायेत. धारेची चीज हातातनं हातात द्यायची न्हाई. ठिवायची. समोरच्यानं उचलायची. त्यो कितीबी मोठा साहेब असू दे, हात पसरू दे, आपण ठिवायची."

परत येताना त्यांनी आम्हा प्रत्येकीला एकेक गुळाची रेवडी दिली. सुई हातातून हातात द्यायची नाही, वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हे पुस्तकातही होतंच. पण मला सुई धरली की अजून ती दहा बोटं दिसतात. एका डॉक्टरांनी एकदा घाईत माझ्यापुढे हात केला होता. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ते चिडले. मी म्हटलं, "सर, उचला ना." त्यांनी उचलली.

पण मॅडमची खरी ओळख आम्हाला दुसऱ्या वर्षी झाली, ती वैशालीमुळे.

वैशाली माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारी, खानापूरकडची, अबोल, अभ्यासात आमच्यात पहिली. तिची सकाळची ड्यूटी बायकांच्या वॉर्डात होती. वॉर्डात त्या आठवड्यात दोन लक्ष्मीबाई पाटील होत्या. आमच्या भागात यात नवल काही नाही, हाक मारली तर चार जणी वळतील. सात नंबरच्या लक्ष्मीबाईंना डायबेटिस होता, नाश्त्याआधी इन्सुलिन असायचं. दुसऱ्या लक्ष्मीबाई दम्याच्या, अकरा नंबरला. आदल्या दिवशी अकरा नंबरवरचा पंखा बंद पडला म्हणून दम्याच्या लक्ष्मीबाईंना कुणीतरी सातवर हलवलं आणि सातच्यांना अकरावर. माणसं हलली, कॉटला अडकवलेले कागद हलले नाहीत.

सकाळी वैशालीने इन्सुलिन भरलं, लेबल वाचलं, युनिट मोजले. सोबतच्या स्टाफ नर्सनी तपासलं आणि तेवढ्यात त्यांना दुसऱ्या टोकाहून हाक आली. "तू दे, मी आलेच," म्हणून त्या गेल्या. वैशालीने सात नंबरजवळ जाऊन कागद बघितला, "लक्ष्मीबाई पाटील ना?" असं विचारलं. बाई म्हणाल्या, "व्हय गं बाई." वैशालीने इंजेक्शन दिलं.

दहा मिनिटांनी अकरा नंबरवरून आवाज आला, "आगं पोरी, माजी सुई कवा देणार हायस? मला च्या प्यायचाय."

मी समोरच्या रांगेत चादर बदलत होते. वैशालीचा चेहरा मला दिसला. ती वॉर्डाबाहेर पळत सुटली. मला वाटलं ही हॉस्टेलवर पळाली. पण ती मॅडमच्या खोलीत गेली होती.

मॅडम आल्या त्या तिला बरोबर घेऊनच. चालत आल्या, पळत नाही. पण मी त्यांना एवढ्या लांब ढांगा टाकताना कधी बघितलं नव्हतं. "किती युनिट? किती वाजता?" एवढंच वैशालीला विचारत होत्या. डॉक्टरांना निरोप गेला, लक्ष्मीबाईंची शुगर बघितली, तोंडाने साखरेचं पाणी दिलं, हाताला ग्लुकोजची बाटली लागली. मग मॅडमनी स्टूल ओढलं आणि वैशालीला कॉटजवळ बसवलं.

"हात धर त्यांचा. घाम आला, थरथरलं, बोलणं बदललं, लगेच सांगायचं. दर पंधरा मिनिटांनी शुगर. इथनं उठायचं न्हाई."

वैशाली रडत होती. मॅडम म्हणाल्या, "रड, पण हात सोडू नको."

दुपारपर्यंत शुगर एकदा खूप खाली आली, लक्ष्मीबाई घामाने भिजल्या, बरळल्या, पुन्हा सावरल्या. दोनच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. तोपर्यंत लक्ष्मीबाईंचे यजमान गावाकडून जेवणाचा डबा घेऊन आले होते. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, ताठ, मिशा राखलेले. मेट्रननी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलेलं मी ऐकलं, "बीपी कमी झालं होतं म्हणा. आता बरी आहे ना बाई? झालं तर मग."

मॅडम सरळ सुभेदारांकडे गेल्या.

"दादा, बसा जरा. तुमच्या मंडळींना आज आमच्याकडनं चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं. दुसऱ्या लक्ष्मीबाईंचं होतं. शुगर उतरली, आता वर आलीया. धोका टळलाय असं डॉक्टर म्हणतात. संध्याकाळपर्यंत आमी इथंच बसणार हाय."

सुभेदार बसले नाहीत. डबा तसाच हातात होता. आवाज चढला. "म्हंजे तुमी शिकायला आमची माणसं वापरता व्हय?"

 मला वाटलं मॅडम आता समजूत घालतील, काहीतरी मऊ बोलतील.

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "शिकायला माणसंच लागत्यात. दुसऱ्या कशावर ही विद्या येत न्हाई. म्हणून तर तुमाला सांगायला आले."

"कोण पोरगी?"

"माझी."

"नाव सांगा."

"दादा, ती तुमच्या मंडळींचा हात धरून बसलीया सकाळपास्नं. तिनं सांगितलं म्हणून आमाला कळलं. गप बसली असती तर तुमचा डबा इथं कुणी खाल्ला नसता."

सुभेदार कॉटपाशी गेले. वैशाली उठायला लागली तसं त्यांनी हाताने खाली बस म्हणून खुणावलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. मग म्हणाले, "उटू नगंस. मॅडमनी बस म्हटलंय न्हवं? बस." आणि डबा खिडकीत ठेवून बाहेर निघून गेले. त्यांनी माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. डिस्चार्जच्या दिवशीही ते मॅडमशी बोलले नाहीत. लक्ष्मीबाईंनी मात्र वैशालीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माज्या नावाच्या लय बाया हायेत गं. आता नाव इचारलंस तर गावबी इचारत जा, आन् नवऱ्याचंबी. म्या सांगंन, लाजायची न्हाई."

चार दिवसांनी चौकशी बसली. वर्गाची प्रतिनिधी म्हणून मला आत बोलावलं होतं, नाहीतर हे मला कळलंच नसतं. प्राचार्य, मेट्रन आणि संस्थेचे एक सभासद होते. वैशालीला काढून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. सभासद म्हणत होते, एकीला काढलं की बाकीच्या आपोआप सुधारतात.

मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर त्यांनी त्या सकाळी काय काय झालं ते क्रमाने लिहून आणलं होतं. पंखा केव्हा बंद पडला, कॉट कुणाच्या सांगण्यावरून बदलल्या, कागद का हलले नाहीत, स्टाफ नर्सकडे त्या वेळी किती पेशंट होते. त्या वाचत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "यात वैशाली सगळ्यात खालच्या ओळीला हाय. आणि सांगायला आली ती एकटी तीच. तिला आज काढा. पण मग उद्या दुसरीनं चुकीचं इंजेक्शन दिलं तर ती माझ्याकडं येईल का? ती गप बसंल. आणि पेशंट झोपेतच जाईल, आपल्याला वाटंल आजारानं गेला."

"मग जबाबदार कोण धरायचं?" सभासदांनी विचारलं.

"मला धरा. माझी विद्यार्थिनी, मी तिथं नव्हते."

त्यांनी खरंच मॅडमनाच धरलं. मॅडमना लेखी ताकीद मिळाली, आणि पुढच्या वर्षी उपप्राचार्यपदासाठी त्यांचा नंबर असताना त्यांच्याहून नवख्या बाईंना ती खुर्ची मिळाली. वैशालीला महिनाभर वॉर्ड बंद, पुन्हा परीक्षा, एवढ्यावर भागलं. आज ती एका मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग सांभाळते. त्या खुर्चीबद्दल मॅडमना एकदा मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या खोलीला खिडकी न्हाई गं." आणि विषय संपवला.

मनगटावर नावाची पट्टी तेव्हा आमच्या त्या वॉर्डात नव्हती. मागणीचा कागद वर गेला आणि वरच राहिला. मग मॅडमनी चिकटपट्टीचे रोल आणले. आम्ही सगळ्या कॉलेजातल्या सरावाच्या खोलीत, डेमो रूममध्ये, जमिनीवर बसलो आणि पेनने नाव, गाव, नंबर लिहून पट्ट्या केल्या. मॅडमचं अक्षर गिचमिड, म्हणून त्यांना आम्ही फक्त कापायचं काम दिलं. त्या कापत होत्या आणि कात्री दर वेळी फळीवर ठेवत होत्या. वर्षभराने छापील पट्ट्या आल्या.

त्याच दिवसांत डेमो रूमच्या खिडकीत एक शंभर पानी वही आली. आमच्यापैकी कुणाच्या हातून काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, तर त्यात लिहायचं. नाव लिहायचं नाही. पहिलं पान मॅडमनी स्वतः लिहिलं: आज मी बोलण्याच्या नादात एका आजोबांच्या कॉटचा कठडा वर करायला विसरले. ते कुशीवर वळले तेव्हा मावशींनी बघितलं. दर शनिवारी मॅडम ती वही मोठ्याने वाचायच्या. ओरडणं नाही, कोण म्हणून विचारणं नाही. वाचून झालं की विचारायच्या, "मग आता काय हलवायचं?" कधी दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या वेगळ्या कप्प्यांत जायच्या, कधी अंधाऱ्या कोपऱ्यात बल्ब लागायचा. एकदा कुणीतरी लिहिलं होतं, 'पेशंट समजून नवीन डॉक्टरांचंच बीपी घेतलं. ते काही बोलले नाहीत. जास्त होतं.' त्या दिवशी मॅडम हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, "त्या पोराला जाऊन सांगा, मीठ कमी कर." मीही त्या वहीत दोनदा लिहिलं. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, पण लिहून झाल्यावर त्या रात्री झोप लागली.

शिकून झालं, नोकऱ्या झाल्या, लग्न झालं. मी साताऱ्याला आले आणि पुढे इथल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. मॅडम निवृत्त झाल्या. फोन व्हायचे. ईदला त्या शिरखुर्म्याचा फोटो पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, 'बघून घे.' गेल्या वर्षी आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी मी त्यांना बोलावलं. गाडी पाठवते म्हटलं तर नको म्हणाल्या. "एसटीला ड्रायव्हरला झोप आली तर पन्नास माणसं उठवायला असत्यात."

त्या आल्या. खूप थकल्या होत्या. अंबाडा पांढरा झाला होता, जिना चढताना दोनदा थांबल्या. हॉलमध्ये साठ मुली होत्या. मी त्यांची ओळख करून दिली. वैशालीचं नाव न घेता ती सगळी हकिगत सांगितली, अब्बांचं सांगितलं, आणि भरून येऊन शेवटी म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत मॅडमच्या हातून एकही मोठी चूक झाली नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत."

टाळ्या झाल्या. मॅडम उठल्या, माइक घेतला आणि टाळ्या थांबेपर्यंत फरशीकडे बघत राहिल्या.

"तुमच्या मॅडम माझ्या लाडक्या हायेत," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं ते खोटं न्हाई. पण शेवटचं खरं न्हाई. ते दुरुस्त करून मग खाली बसते."

मग त्यांनी सांगितलं. त्या बावीस-तेवीस वर्षांच्या असताना, गाव सांगितलं नाही, एका इस्पितळात नवीन लागल्या होत्या. सलाइनच्या नळीतून सोडायला निर्जंतुक पाण्याची काचेची कुपी घ्यायची होती. ट्रेमध्ये तशाच दिसणाऱ्या पोटॅशियमच्या कुप्या मिसळलेल्या होत्या. ते तसंच थेट शिरेत गेलं तर माणसाचं हृदय थांबतं. त्यांनी चुकीची कुपी भरली. सुई नळीला लावताना कुणीतरी हाक मारली म्हणून थांबल्या, सहज बादलीत टाकलेल्या कुपीकडे नजर गेली आणि लेबल दिसलं.

"मी सिरिंज फेकून दिली. कुणी बघितलं न्हाई. आमची मेट्रन लय कडक होती. मी कुणाला बोलले न्हाई. ट्रेमधल्या कुप्या वेगळ्यासुद्धा केल्या न्हाईत, कारण कुणी विचारलं असतं, का वेगळ्या करतीस. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले. वाचले म्हणून."

मॅडमनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"तीन महिन्यांनी त्याच ट्रेमधनं, तसलीच कुपी दुसऱ्या एका सिस्टरनं घेतली. तिला कुणी हाक मारली न्हाई. बाळंतीण बाई होती. बाळ शेजारी झोपलं होतं."

 मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी टेबलावर ठेवायला खुणावलं आणि मग उचलून प्यायल्या.

"त्या सिस्टरला काढून टाकलं. तिला सगळ्यांनी खुनी म्हटलं. मला कुणी काही विचारलंच न्हाई. आणि मी आपणहून सांगितलं न्हाई, की ट्रे तसाच होता, मला ठाऊक होतं. पुढं बऱ्याच वर्सांनी मी तिला शोधत गेले. कराडकडच्या एका गावात शिवणकाम करत होती. तिनं मला चहा केला. माझी नोकरी कशी चाललीया विचारलं. सांगायचं म्हणूनच गेले होते. चहा पिऊन परत आले. आता ती न्हाई."

"तुमाला वाटतं मी वही तुमच्यासाठी काढली. मी ती माझ्यासाठी काढली. आणि हे त्यात कधी लिहिलं न्हाई. आज पहिल्यांदा बोलतीया." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता माझी ओळख पुरी झाली."

त्या खाली बसल्या. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. मी आभार मानायला पुढे होणार होते. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली, मेढ्याकडची, कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, परवा वॉर्डात मी... रक्ताच्या नमुन्यांच्या दोन नळ्यांवर नावं बदलली गेली असावीत. मला नक्की माहीत नाही. मी कुणाला सांगितलं नाही."

शिकलगार मॅडम लगेच उठल्या. तिच्यापर्यंत चालत गेल्या. "कुठल्या पेशंटच्या? अजून ॲडमिट हायेत का?"

"हो."

"मग चल. आत्ता जाऊ. तुमच्या मॅडमबी येत्यात."

कार्यक्रम तिथेच संपला. आम्ही तिघी वॉर्डात गेलो, दोघांचं रक्त पुन्हा घेतलं. नावं खरंच बदलली होती. एकाला दुसऱ्याचं औषध सुरू होणार होतं, ते थांबलं. मुलगी मॅडमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मॅडम तिला थोपटत होत्या आणि तिच्या डोक्यावरून मला विचारत होत्या, "हिला काही करणार न्हाईस ना?" मी म्हटलं, "नाही मॅडम." "लिहून दे," त्या म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी एका कागदावर लिहून, सही करून तो त्या मुलीला दिला.

मग मी त्यांना घरी जेवायला नेलं. सासूबाईंनी ज्वारीची भाकरी आणि मेथी केली होती. जेवून मॅडम गॅलरीतल्या आरामखुर्चीत टेकल्या आणि मी पान आणेपर्यंत झोपी गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. चष्मा नाकावर घसरला होता, तोंड किंचित उघडं. चारच्या गाडीने जायचं ठरलं होतं. साडेतीन वाजले, पावणेचार झाले. सासूबाईंनी खुणेने विचारलं, उठवू का. मी नको म्हटलं. चष्मा तेवढा काढून ठेवला. गाडी गेली.

साडेपाचला त्या जाग्या झाल्या. घड्याळ बघितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार.

"चारची गेली?"

"गेली मॅडम. मी उठवलं नाही."

त्यांनी समोरच्या अजिंक्यताऱ्याकडे बघितलं. ऊन उतरलं होतं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "बरं केलंस. लय वर्सांनी अशी झोप लागली गं."

त्यानंतर पाच महिन्यांनी त्यांची मुलगी शबाना हिचा फोन आला. मॅडम घरातच, दुपारी, बसल्या बसल्या गेल्या. मी पोहोचेपर्यंत दफन झालं होतं. त्यामुळे माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन ते साताऱ्याच्या स्टँडवरचंच.

सहाची सांगली गाडी लागली होती. मी त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली, पोहोचल्यावर फोन करा म्हणून तीनदा सांगितलं. त्या "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मी खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले. गाडी सुरू झाली. मी हात वर केला. त्यांनी बघितलं नाही. पुढच्या सीटवर एक माणूस खिडकीबाहेर कोपर काढून पेंगत होता आणि मॅडम वाकून त्याचा खांदा हलवत होत्या. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसले. त्याने डोळे उघडले, ओशाळून कोपर आत घेतलं. गाडी वळली.